इकतच्या झग्यावर मिकी माऊस: उझबेकिस्तानातली ही नवी डिझाइन्स परंपरेत बसतात का?

निळीकड

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरला शिवणकाम करते आणि वसंतात बहिणीबरोबर उझबेकिस्तानला जायचं ठरलंय, ताश्कंद समरकंद बुखारा असं नेहमीचं पॅकेज आहे पण मला खरी ओढ आहे ती तिथल्या कापडाची. सहा महिने झाले जे मिळेल ते वाचतेय बघतेय. त्यात एक फोटो समोर आला, दिलयारा काइपोवा म्हणून ताश्कंदच्या आर्टिस्ट आहेत, त्यांचे चपान, म्हणजे तो तिथला लांब बाह्यांचा पायघोळ झगा असतो ना तो. लांबून बघितलं तर अस्सल जुनं इकत, म्हणजे धागे आधी रंगवून मग विणलेलं कापड, लाल पिवळं निळं, कडा पसरलेल्या, आणि जवळून बघावं तर नक्षीच्या जागी मिकी माऊसची तोंडं, दुसऱ्या एकावर स्टार वॉर्स सिनेमातल्या डार्थ व्हेडरचा मुखवटा. मला ते बघून फार आनंद झाला खरं सांगते, कितीतरी वेळ फोटो मोठा करून बघत बसले. पण आमच्या शिवणकामाच्या ग्रुपवर टाकला तर निम्म्या जणी चिडल्या. एकीने लिहिलं की शेकडो वर्षांच्या कलेची ही विटंबना आहे, उद्या पैठणीवर कार्टून काढतील तेव्हा काय म्हणाल.

आता मला पडलेले प्रश्न असे की हे खरोखर तिथल्या परंपरेत बसतं का, की नुसतं परदेशी गॅलऱ्यांसाठी केलेलं काम आहे? तिथले विणकर स्वतः याकडे कसं बघतात? आणि दुसरं म्हणजे मी तिथे गेल्यावर कुठे जावं, काय बघावं आणि विकत घ्यायचं तर खरं इकत ओळखावं कसं, कारण ऑनलाइन जे उझबेक इकत म्हणून विकतात त्यातलं बरंचसं प्रिंटच वाटतं मला. सुझनी भरतकामाबद्दल पण कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा. जरा सविस्तर लिहिलंत तर बरं होईल.

ताणाबाणा

ताई, मी कापडाच्या खरेदीचं काम करतो आणि त्या निमित्ताने उझबेकिस्तानच्या पूर्वेला फरगाना खोऱ्यात जाणं होतं, म्हणून जे डोळ्यांनी बघितलंय ते सांगतो.

सगळ्यात आधी त्या खोऱ्यातल्या मर्गिलानला जा. तुमच्या पॅकेजमध्ये नसणार, कारण टूरवाले समरकंदच्या निळ्या घुमटांपलीकडे जात नाहीत, पण ताश्कंदहून मर्गिलानला रेल्वे आहे, २०१६ साली कामचिक घाटाखालून १९ किलोमीटरचा बोगदा झाल्यापासून प्रवास सोपा झालाय. तिथे योदगोरलिक नावाचा रेशीम कारखाना आहे, कोषापासून कापडापर्यंत सगळं एका आवारात बघायला मिळतं. आणि गावाजवळ कुमतेपा बाजार भरतो गुरुवारी आणि रविवारी, तिथे स्थानिक बायका स्वतःच्या कपड्यांसाठी कापड घेताना दिसतील, तो बाजार चुकवू नका.

आता इकत कसं होतं ते नीट समजून घ्या म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल. तिथलं इकत हे फक्त ताण्याचं असतं, म्हणजे उभे धागे आधी रंगवतात आणि मग विणतात, आडवा धागा, म्हणजे बाणा, एकरंगी. पाटणच्या पटोळ्यात ताणा आणि बाणा दोन्ही बांधून रंगवतात, तो प्रकार वेगळा. मर्गिलानला रेशमाचे उभे धागे लाकडी चौकटीवर ताणून बसवलेले असतात आणि नक्षी आखणारा उस्ताद कोळशाच्या काडीने थेट धाग्यांवर रेघा ओढत जातो. मी ज्यांना बघितलं त्यांच्या हाताखाली कागदावरचं डिझाइन नव्हतं, डाव्या हाताने धाग्यांची जुडी जरा दाबून धरायची आणि उजव्या हाताने एका दमात डाळिंबाची कड ओढायची, आणि मागे वळून बघायचंसुद्धा नाही. मग दुसरा माणूस त्या खुणांप्रमाणे जुड्या घट्ट बांधतो, पूर्वी सुताने बांधत, आता चिकटपट्टीही वापरतात, बांधलेल्या ठिकाणी रंग शिरत नाही. आधी पिवळा, मग सोडून पुन्हा बांधून लाल, शेवटी निळा, फिक्यापासून गडदाकडे असा क्रम. पिवळ्यावर निळा चढला की हिरवा, लालावर चढला की जांभळा. प्रत्येक रंगाला सोडा, बांधा, बुडवा, वाळवा. मागावर चढेपर्यंत धागे केसभर इकडेतिकडे सरकतात म्हणून कड अशी पसरल्यासारखी दिसते, आणि तीच या कापडाची ओळख.

म्हणजे बघा, काइपोवांच्या चपानमध्ये मिकी माऊस नंतर छापलेला नाहीये, त्याचे कान धाग्याधाग्यावर बांधून रंगवलेत मर्गिलानच्या कारागिरांनी. डाळिंब करायला जी अक्कल आणि जे हात लागतात तेच इथेही लागलेत, उलट नवीन आकार असल्यामुळे कुठे बांधायचं किती बांधायचं हा हिशेब पहिल्यापासून करावा लागला असणार. माझ्या मते परंपरा ती आहे. नक्षी तर तिथे कायम बदलत आलीये. जुन्या कापडांवर मेंढ्याची शिंगं आहेत, बदाम आहेत, विंचू आहे, बायकांचे कंगवे आहेत, डफासारखं वाद्य आहे. सोव्हिएत काळात तर क्रेमलिन नावाची नक्षी आली आणि लोकांनी तिचे कपडे शिवून घातले. माणसाच्या रोजच्या नजरेत जे आलं ते कापडावर गेलं.

ओळखायचं कसं. आद्रस आणि अतलास हे दोन मुख्य प्रकार तुम्हाला भेटतील. आद्रसमध्ये ताणा रेशमाचा आणि बाणा सुती, जाडसर सुती धाग्यामुळे बोटांना बारीक आडव्या रेघा लागतात आणि नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते. अतलास पूर्ण रेशमी आणि सॅटिन विणीचं, त्यामुळे त्याची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद असणारच, मागची बाजू फिकी दिसली म्हणून ते प्रिंट समजून टाकून देऊ नका. पसरट कड फक्त उभ्या दिशेने असते, म्हणजे नक्षी वरखाली फिसकटलेली आणि डावीउजवीकडे त्यामानाने रेखीव. प्रिंटवाले चारी बाजूंनी सारखं फिसकटवतात, तिथे सापडतात. पन्हा बघा, हातमागाचा साधारण ४० ते ४५ सेंटीमीटर असतो, दीड मीटर रुंद इकत हातमागाचं म्हणून कोणी दाखवलं तर सरळ पुढे चला. आणि काठातून दोन धागे मागून घेऊन जाळून बघा, रेशमाला जळक्या केसाचा वास येतो आणि राख चुरगळते, पॉलिएस्टरचा कडक मणी होतो. चांगला दुकानदार स्वतःच काडी पेटवून दाखवतो.

येवल्याचामाग

ताणाबाणा दादांनी तंत्र छान सांगितलं. मी स्वतः पैठणी विणतो, वडील आणि आजोबाही विणायचे, त्यामुळे दोन शब्द आमच्या बाजूने.

नक्षी बदलली म्हणून विटंबना होते हे मला पटत नाही. पैठणीवरचं अजिंठ्याचं कमळ, बांगडी मोर, मुनिया, हे सगळं कोणी ना कोणी कधीतरी पहिल्यांदा काढलंच होतं की. आज गिऱ्हाईक फोटो घेऊन येतं, असं करून द्या म्हणतं, आम्ही आलेख कागदावर उतरवतो आणि कांड्या भरून बसतो. त्यात कमीपणा कसला. माझा प्रश्न निराळा आहे आणि तो ताईंनी तिथे गेल्यावर जरूर विचारावा. त्या चपानखाली गॅलरीत पाटी लागते तेव्हा तिच्यावर कोणाचं नाव असतं? ज्याने धागे बांधले त्याचं असतं का? तुकडा विकला गेला तर त्याच्या घरी किती पोचतं? परदेशी फॅशनवाल्यांनी २००५ च्या सुमारास हे इकत उचललं, ऑस्कर दे ला रेंटा या डिझायनरने मर्गिलानचं कापड वापरलं, त्यानंतर सगळ्या जगात सोफ्याच्या खोळींपासून चहाच्या कपांपर्यंत इकत नक्षी झाली. पण कपावर छापलेल्या नक्षीतून मर्गिलानच्या मागाला एक दमडी जात नाही. हेच आमच्याकडे बघतो मी, सुरतेहून पैठणी नक्षीची पॉवरलूमची साडी येते, लग्नात हौसेने नेसतात आणि हातमागाची किंमत सांगितली की लोक दचकतात.

आणि रेशमाचं पण बघा. उझबेकिस्तान कोषाच्या उत्पादनात चीन आणि भारताच्या मागोमाग तिसरा देश आहे. पण सोव्हिएत काळापासून तिथे शेतकऱ्यांना ठरवून दिलेले कोष सरकारला द्यावे लागायचे, वसंतात घरोघर अळ्यांच्या पेट्या दिल्या जायच्या आणि महिना दीड महिना माणसं आपल्याच घराची खोली अळ्यांना देऊन बाहेर झोपायची, दिवसरात्र तुतीचा पाला घालत. अळीला उष्णता एकसारखी लागते, आवाज वास काही चालत नाही, एक दिवस हयगय केली तर बॅच गेली. आमच्याकडे जालना बीडकडे आता तुतीची शेती वाढलीये, जालन्याला कोषाचा बाजार झालाय, तिथले शेतकरी हेच सांगतात की कामाला सुट्टी नाही. कापूस वेचणीला माणसं जबरदस्तीने न्यायचे म्हणून उझबेक कापसावर जगभरच्या ब्रँडनी बहिष्कार घातला होता, तो २०२२ मध्ये उठला. म्हणजे कापड सुंदर आहे हे खरंच, पण त्याच्यामागे कोण कसं राबलं हेही त्या कापडाचाच भाग आहे.

निळीकड

येवल्याचामाग दादा, नावाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आता प्रत्येक फोटोखाली विणकराचं नाव शोधतेय आणि बहुतेक ठिकाणी सापडत नाहीये. मर्गिलान मी नक्की केलं, बहिणीला पटवलंय. तिचं म्हणणं एवढंच की आद्रस आणि आपला औरंगाबादचा हिमरू हे एकच का, दोन्हीत रेशीम आणि सूत एकत्र असतं म्हणून?

ताणाबाणा

नाही ताई, धागे सारखे पण काम वेगळं. हिमरूत नक्षी विणताना उठते, जादा बाण्याने. आद्रसची नक्षी विणायच्या आधीच धाग्यावर आलेली असते, विणताना फक्त ती जागेवर ठेवायची. आद्रसला जवळचा म्हणाल तर मशरू, त्यातही ताणा रेशमाचा आणि बाणा सुती, मशरूत सॅटिन वीण असल्यामुळे अंगाला सूत लागतं आणि बाहेर रेशीम दिसतं. जुन्या आद्रसला विणून झाल्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा हात द्यायचे आणि लाकडी मोगऱ्यांनी बडवायचे, त्याने अशी लाटालाटांची चमक यायची की कापड हललं की पाणी हलल्यासारखं वाटायचं. म्युझियममध्ये जुना चपान दिसला तर बाजूने वाकून बघा, समोरून ती चमक कळत नाही.

भारताचा खरा धागा निळीत आहे. बुखाऱ्याच्या रंगाऱ्यांकडे नीळ भारतातून जायची, मुलतानी आणि शिकारपुरी व्यापाऱ्यांच्या सराया होत्या बुखाऱ्यात. तिथे कामाची वाटणी ठरलेली होती, निळीचं थंड रंगकाम बुखाऱ्याचे ज्यू लोक करायचे आणि लाल पिवळ्याचं गरम रंगकाम ताजिक. एका कापडासाठी धागे दोन तीन मोहल्ल्यांतून फिरून यायचे. १८७० नंतर रशियातून रासायनिक रंग आले आणि ही साखळी हळूहळू सुटली. आता मर्गिलानला काही घरं परत मंजिष्ठ, डाळिंबाची सालं, अक्रोडाची टरफलं, पिवळ्यासाठी इस्परक नावाची फुलं हे सगळं वापरायला लागलीयत.

आणि येवल्याचामाग दादांसाठी एक. बखमल म्हणून रेशमी मखमलीचं इकत असतं, सगळ्यात अवघड, कारण मखमलीचे फासे उभे राहताना धागा कितीतरी पट जास्त खर्च होतो आणि नक्षी विणताना आक्रसते, म्हणून धाग्यावर ती लांबलचक ताणून रंगवावी लागते. बोल्शेविक आल्यानंतर बुखाऱ्याचा अमीर गेला, श्रीमंत गिऱ्हाईक गेलं आणि बखमल विणणारे हात संपले. मर्गिलानच्या मिर्झाअहमेदोव घराण्याने जुने तुकडे बघून, उलगडून ते तंत्र परत उभं केलं. हे मला काइपोवांच्या कामाइतकंच नवं वाटतं, कारण शिकवणारं कोणी शिल्लक नव्हतं. २०१७ मध्ये युनेस्कोने मर्गिलानच्या क्राफ्ट सेंटरला आद्रस आणि अतलास जपण्याच्या चांगल्या कामांच्या यादीत घेतलं ते या सगळ्या खटपटीमुळे, तिथे तरुण मुलामुलींना उस्तादांच्या हाताखाली बसवून शिकवतात.

सुईदोरा

सुझनीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून म्हणून मी लिहिते. मी आरी काम शिकवते, आणि सुझनी बघायला म्हणूनच बुखारा समरकंदला गेले होते.

सुझनी म्हणजे मुलीच्या लग्नात द्यायचं भरतकाम, भिंतीवर लावायला, अंथरुणावर टाकायला. आई मुलगी लहान असतानाच सुरुवात करायची. हे बनवायची रीत ऐका, मला तर यातच सगळं सौंदर्य दिसतं. हातमागाचं सुती कापड अरुंद असायचं म्हणून चार पाच पट्ट्या एकमेकींना कच्च्या टाक्याने जोडायच्या, गावातली नक्षी काढणारी बाई येऊन त्यावर पूर्ण चित्र काढून द्यायची, मोठी गोल फुलं, वेली, डाळिंबं. मग टाके उसवून पट्ट्या वेगळ्या करायच्या आणि घरातल्या शेजारच्या बायकांत वाटून द्यायच्या. प्रत्येकीचा हात वेगळा, टाक्याचा ताण वेगळा, कधी रंगाचा दोरा संपला की जवळपासचा रंग घेतला. आणि शेवटी पट्ट्या परत जोडल्या की जोडावर अर्धं फूल खाली आणि अर्धं दोन बोटं वर. जुन्या सुझनीत हा न जुळलेला जोड सापडतोच. मी एका दुकानात हात फिरवून बघितलं, एका फुलाची डावी बाजू घट्ट बारीक टाक्यांची आणि उजवी सैल लांब टाक्यांची, म्हणजे दोन बायकांनी अर्धं अर्धं फूल भरलेलं, दोघी शेजारणी असतील की जावा जावा कोण जाणे. निळीकड, तुम्ही जिथे जोड अगदी तंतोतंत जुळलेला बघाल ते नवीन काम समजा, वाईट असतं असं नाही, नवीनही हाताचं असतं, पण जुनं म्हणून जास्त किंमत देऊ नका.

टाके दोन तीनच मुख्य. बसमा म्हणजे लांब दोरा टाकून त्याच दोऱ्याने आडवे बारीक टाके घेत तो बसवत यायचं. आणि युर्मा म्हणजे आकडीने केलेला साखळी टाका, आपल्या आरीसारखाच, मी तिथल्या एका मावशींच्या हातातून आकडी घेऊन चार टाके घातले तर त्या हसायला लागल्या आणि मग मला उठूच देईनात. ताश्कंदच्या सुझनीत मोठाले गडद लाल गोल असतात, जवळजवळ सगळं कापड भरलेलं. नुराताच्या कामात मात्र पांढरी जागा खूप मोकळी आणि नाजूक फुलांच्या डहाळ्या. मला नुराता जास्त आवडतं, डोळ्याला विसावा मिळतो. कडेला मिरच्या, सुऱ्या, किटल्या दिसतात, मिरची सुरी नजर लागू नये म्हणून. कित्येक सुझन्यांत एखादं पान मुद्दाम अपुरं सोडलेलं असतं, घरातली लग्नं पुढेही होत राहावीत म्हणून असं सांगतात.

मला ज्या गोष्टीचा संताप येतो ती सांगते. जुन्या सुझन्या कापून त्याचे बूट, बॅगा, जॅकेटं करतात. सगळीकडे मिळतात, दिसायला सुंदर असतात, परदेशात भरपूर किमतीला जातात. पण ज्या बाईने मुलीसाठी चार वर्षं भरलेलं काम आहे ते कात्रीने कापून बुटाला लावायचं हे मला सहन होत नाही. नवीन नक्षी, नवीन विचार हवा तेवढा करा, पण त्यासाठी नवीन कापड भरा ना. कृपा करून अशा वस्तू घेऊ नका. त्यापेक्षा नवीन भरलेली छोटी सुझनी थेट भरणारीकडून घ्या.

आणि दादांनी नावाचा प्रश्न काढलाय त्यावर. २०२४ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, उझबेकिस्तानच्या दालनात अझीझा कादिरींनी काम केलं होतं, जुन्या सोव्हिएत कल्चर हाऊसच्या रंगमंचामागची जागा उभी केलेली आणि त्यात सुझन्या, ज्यांची नक्षी एआयकडून काढून घेऊन मग हाताने भरलेली. स्थलांतर केलेल्या मध्य आशियाई बायकांचे अनुभव त्यात होते. आणि २०२५ च्या सप्टेंबरात बुखाऱ्यात पहिलं बिएनाले झालं, विषय होता तुटलेल्या मनांवरच्या पाककृती, तिकडे अशी दंतकथा आहे की इब्न सिना या जुन्या काळच्या हकिमाने एका राजपुत्राचं प्रेमभंगाचं दुखणं पुलाव खायला घालून बरं केलं. त्यात बोलावलेल्या आर्टिस्टांनी स्थानिक उस्तादांबरोबर काम करायचं आणि उस्तादांचं नाव आर्टिस्टच्या बरोबरीने लावायचं अशी रीतच ठेवली होती. आपल्या इकडच्या प्रदर्शनांत मला हे फार क्वचित दिसतं. पैशाचं काय ठरलं ते त्यांचं त्यांना माहीत, पण नाव लागलं ही छोटी गोष्ट नाही, कारण ते नाव बघून पुढचं गिऱ्हाईक थेट उस्तादाच्या दारात जाऊ शकतं.

ओशमधून

हाय सगळ्यांना, मी नांदेडचा, इकडे किर्गिझस्तानात ओशला एमबीबीएस करतोय, आमच्या बॅचला महाराष्ट्रातले खूप जण आहेत. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, इकतचं मला एवढं कळत नाही पण इकडे नमद्याचं काम आहे ते कोणी सांगितलंच नाही.

शिरदाक म्हणून गालिचा असतो, पण विणलेला नाही, लोकर गरम पाण्याने भिजवून, गवताच्या काड्यांच्या चटईत गुंडाळून, लाटून लाटून दाबून केलेला नमदा. घोंगडीसारखा माग लागत नाही याला. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून नक्षी एकदमच कापतात, मग लालातला कापलेला आकार काळ्यात बसवतात आणि काळ्यातला लालात, म्हणजे एका कापणीत दोन गालिचे आणि कचरा जवळजवळ शून्य. नक्षी बहुतेक मेंढ्याच्या शिंगाची. मग सगळं जाड दोऱ्याने टाचतात. माझ्या घरमालकीणबाईंकडे त्यांच्या सासूने केलेला आहे, रोज त्याच्यावर बसतो जेवतो आम्ही आणि अजून धड आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने शिरदाक आणि आला कियिझ हा नमद्याचाच दुसरा प्रकार तातडीने वाचवायच्या यादीत टाकले, कारण करणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्या बायका होत्या. कोचकोरला बायकांची सहकारी संस्था आहे आल्तिन कोल म्हणून, तिथे घरोघरच्या बायकांचं काम विकायला येतं आणि प्रत्येक नगावर करणारीचं नाव असतं, येवल्याचामाग काकांना हे आवडेल.

आणि तरुण पोरांचं म्हणाल तर पांढरी उंच टोपी असते ना ती, आक कलपाक, तिचा ५ मार्चला दिवस असतो, त्या दिवशी आमच्या युनिव्हर्सिटीतली सगळी पोरं, प्रोफेसर, सिक्युरिटीवाले पण घालून येतात. जीन्स आणि हुडीवर घालतात, कोणाला काही वाटत नाही. मला एका क्लासमेटने दिली तेव्हा सांगितलं की ही जमिनीवर ठेवायची नाही, उलटी ठेवायची नाही आणि दुसऱ्याला सहज देऊन टाकायची नाही. मी कपाटावर सगळ्यात वर ठेवलीये.

मला वाटतं इथे लोक याला म्युझियमची वस्तू समजतच नाहीत म्हणून मिकी माऊसचा प्रश्नही त्यांना पडत नसेल.

रंगारीगल्ली

सगळ्यांचं वाचलं, छान चाललंय. एक बाजू राहिली ती मांडतो. ताजिकिस्तानात चकन भरतकाम आहे, कुलोबकडचं, २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, नवरोजला, म्हणजे वसंतातल्या नववर्षाला, बायका ते भरलेले झगे घालतात, अतिशय देखणे. पण त्याच देशाने २०२४ मध्ये राष्ट्रीय संस्कृतीला परके असे कपडे घालायला आणि विकायला बंदी करणारा कायदा केला. म्हणजे हिजाब घालणाऱ्या बाईला दंड आणि चकन घालणारीचं कौतुक, दोन्ही सरकारच ठरवणार. मला हे धोक्याचं वाटतं. कापड लोकांनी आवडीने घातलं तर टिकतं, नियमाने घालायला लावलं तर दहा वर्षांनी पोरं त्याचाच तिटकारा करतील. काइपोवांच्या मिकी माऊसबद्दल मला म्हणून आदर आहे, त्यात एका माणसाने आपल्या मनाने निवड केलेली आहे. निळीकड ताईंच्या ग्रुपवरच्या मैत्रिणी चिडल्या हेही मी चांगलंच समजतो, ज्याची पर्वा नसते त्यावर कोणी चिडत नाही.

आणि ताई, दिवस काढता आले तर नुकुसचं म्युझियम सोडू नका. इगोर सावित्स्की नावाचा चित्रकार १९५० मध्ये पुरातत्त्वाच्या मोहिमेबरोबर काराकल्पाकस्तानात, म्हणजे उझबेकिस्तानच्या वायव्येला नुकुस ज्यात आहे त्या प्रदेशात, आला आणि तिथेच राहिला, गावोगाव फिरून बायकांचे भरलेले बुरखे, दागिने, तंबूच्या विणलेल्या पट्ट्या गोळा केल्या, जेव्हा लोक स्वतःच ते जुनाट म्हणून टाकून देत होते. १९६६ मध्ये म्युझियम उघडलं. त्याच माणसाने मॉस्कोत बंदी असलेल्या चित्रकारांची चित्रंही आणून तिथे वाळवंटात सांभाळली. खिव्याहून गाडीने तीनेक तास लागतात. काराकल्पाक बायकांचं लाल भरतकाम तिथे एकाच दालनात एवढं आहे की इकत काही वेळ विसराल.

निळीकड

काय लिहू कळत नाहीये, एवढं सगळं मिळालं. ग्रुपवर ताणाबाणा दादांचं बांधणीचं वर्णन तसंच्या तसं टाकलं तर जी सगळ्यात जास्त चिडली होती तिने विचारलं की मिकीचे कान गोल कसे आले, उभ्या धाग्यावर गोल बांधणं म्हणजे पायऱ्या पायऱ्या दिसायला हव्यात. आता त्यावर चर्चा चाललीये. दादा याचं उत्तर द्याल का? नुकुससाठी दोन दिवस वाढवता येतात का ते एजंटला विचारलंय. आणि सुईदोरा ताई, मी जुनी छोटी सुझनी घेतलीच तर आणताना काही अडचण येते का?

सुईदोरा

हो, येते. पन्नास वर्षांपेक्षा जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही आणि नवीन असली तरी जुनी दिसत असेल तर विमानतळावर विचारतात. घेतानाच दुकानदाराकडून वस्तू जुनी नाही असा सांस्कृतिक खात्याचा दाखला मागून घ्या, चांगले दुकानदार देतात. आणि बिलावर भरणारीचं नाव लिहून मागा, मी मागितलं होतं तर त्यांनी खालच्या कोपऱ्यात गावासकट लिहून दिलं.

ताणाबाणा

मैत्रिणीचा प्रश्न फार बरोबर आहे. पायऱ्या असतातच. एका जुडीत जितके कमी धागे तितक्या पायऱ्या बारीक, म्हणून गोल आकाराच्या कडेला जुड्या लहान घेतात आणि मधल्या भरीव भागात मोठ्या. त्यात मागावर धागे सरकून ती पायरी पसरते आणि डोळ्याला गोल दिसतं. फोटो मोठा करून कानाच्या वरच्या कडेला बघा आणि मग बाजूच्या कडेला बघा, दोन्हीत फरक दिसेल. मर्गिलानला गेलात की बांधणाऱ्याला हेच विचारा, तो हातातलं काम थांबवून दाखवेल.